उरुशी वाळतच नाही : किंत्सुगीतली दर हिवाळ्यातली रड

किंत्सुगी म्हणजे फुटलेली भांडी उरुशी नावाच्या चिकानं जोडून सांध्यावर सोनं चढवायची जपानी कला. तिच्यात डिसेंबर लागला की तक्रारी सुरू होतात. कप जोडून दोन आठवडे झाले, टेप सोडवली तर कप परत दोन तुकड्यांत हातात आला, आणि सांध्यात पाहिलं तर आतली उरुशी काल लावल्यासारखी ओली. दुसऱ्या कुणी टवका भरलेला असतो, त्यात अजून नख रुततं. तिसऱ्याचं सगळं छान जमलेलं असतं, सोनंही चढलेलं असतं, पण आठवड्याभरानं ते बोटाला लागून येतं. तिघांनाही वाटतं की आपली अडचण निराळी. बहुतेक वेळा ती एकच असते. कुठला तरी खालचा थर पुरता मुरायच्या आधीच वरचं काम उरकलेलं असतं. तो का मुरला नाही हे न शोधता नुसतं पुन्हा जोडलं, तर पुढच्या खेपेला तेच होणार.

मी तोक्योत राहते, इथल्या एका वर्गात किंत्सुगी शिकते आणि नव्यानं येणाऱ्यांच्या शेजारी बसून त्यांची अडलेली भांडीही बघते. पुढे लिहिलंय ते अस्सल उरुशीच्या कामाबद्दल. इपॉक्सी आणि सोनेरी पूड घातलेले झटपट संच मिळतात, ते एका रात्रीत कडक होतात आणि त्यांची दुखणी वेगळी. त्या संचानं जोडलेलं भांडं शोभेला ठेवावं, त्यातून चहा पिऊ नये, एवढंच त्याबद्दल सांगते.

उरुशीला हवंय काय?

उरुशी म्हणजे झाडाचा चीक. कच्च्या चिकात साधारण ६० ते ६५ टक्के उरुशिओल, २० ते ३० टक्के पाणी, थोडा डिंक आणि अगदी किंचित, एका टक्क्याहूनही कमी, लॅकेज नावाचं एन्झाइम असतं. हे एन्झाइम हवेतला ऑक्सिजन घेऊन उरुशिओलचे रेणू एकमेकांत गुंतवतं आणि चीक घट्ट होतो. त्या कामाला त्याला ओलावाही लागतो आणि ऊबही. १८८३ साली हिकोरोकुरो योशिदा या जपानी रसायनशास्त्रज्ञानं हे उलगडून दाखवलं. चीक फार तापवला तर त्याची घट्ट व्हायची ताकदच जाते, हेही त्यानं नोंदवलं.

म्हणजे रंग किंवा व्हार्निश वाळतं तशी उरुशी वाळत नाही. पाणी उडून गेल्यानं तिचं भागत नाही, उलट भोवती पाणी असावं लागतं. तरीही हिवाळ्यात कप चिकट राहिला की लोक तो हीटरसमोर ठेवतात, हेअर ड्रायर मारतात, गॅलरीत उन्हात ठेवतात. हे तिन्ही उपाय उलटे आहेत. जानेवारीत तोक्योची हवा आधीच कोरडी, त्यात खोलीतला एसी गरम हवेवर लावला की दमटपणाचा आकडा तिशीत उतरतो. अशा खोलीत टेबलावर ठेवलेला कप महिनाभर तसाच ओला राहील. तोच कप जूनअखेरीस, इथल्या पावसाळ्यात, त्याच टेबलावर रात्रीतून बोटाला लागेनासा होतो. 'मागच्या वेळी तर आपोआप झालं होतं' असं जे म्हणतात, त्यांना हमखास विचारावं की मागची वेळ कोणत्या महिन्यातली.

आधी काच

दोष नेमका कुठे आहे हे कळल्याशिवाय भांड्याला हात लावू नका. काचेची छोटी पट्टी घ्या, साबणानं धुऊन टर्पेंटाइननं पुसा. ट्यूबमधली उरुशी कणभर घेऊन स्पॅच्युलानं त्यावर इतकी पातळ ओढा की खालचं छापील अक्षर तपकिरी पण स्पष्ट दिसावं. ती पट्टी भांड्याशेजारी त्याच डब्यात ठेवा आणि दुसऱ्या दिवशी बघा.

काचेवरची उरुशी घट्ट झाली आणि भांड्यावरची नाही, तर डबाही बरा आहे आणि ट्यूबही. मग दोष तुमच्या मिश्रणात, थराच्या जाडीत किंवा तुकड्याच्या कडांत शोधायचा. काचेवरचीही चिकट राहिली, तर भांड्याला बोल लावू नका, दोष डब्यात किंवा ट्यूबमध्ये आहे. त्या दोहोंत निवड करायला दुसऱ्या कुणाची नीट चालणारी उरुशी मागून तिची रेघ त्याच काचेवर ओढा. ती मुरली तर तुमची ट्यूब गेली, तीही नाही मुरली तर डबा.

हे इतकं सोपं असून कुणी करत नाही, कारण सगळ्यांना भांडं जोडायचं असतं, काच रंगवायची नसते. आमच्या वर्गात आता प्रत्येक मिश्रण कालवलं की त्याचा एक ठिपका काचेवर ठेवायचा असा दंडक आहे. शंका आली की नख त्या ठिपक्यात रुतवून बघायचं, सांध्यात नाही.

डबा

ज्या बंद जागेत उरुशी मुरवतात तिला इथे मुरो म्हणतात. कारागिरांकडे लाकडी कपाट असतं. घरी झाकणाचा प्लास्टिकचा डबा किंवा पुठ्ठ्याचं खोकं पुरतं. तळाशी ओलं करून पिळलेलं फडकं, त्यावर जाळी, जाळीवर भांडं आणि आत हायग्रोमीटर, म्हणजे दमटपणा मोजायचं यंत्र. आकडे दोन लक्षात ठेवा : तापमान २० ते २८ अंश, दमटपणा ७० ते ८५ टक्के. फडकं भांड्याला टेकू देऊ नका.

डब्यातला सगळ्यात सामान्य दोष म्हणजे ओलावा आहे पण ऊब नाही. खोली रात्री दहा-बारा अंशांवर जाते, हायग्रोमीटर ऐंशी दाखवतो आणि लोक निर्धास्त राहतात. त्या थंडीत लॅकेज जवळजवळ झोपलेलं असतं. रोपांच्या कुंडीखाली किंवा पाळीव प्राण्यांसाठी वापरतात ती गरम चटई डब्याखाली सरकवा, चटईवर निम्माच डबा येऊ द्या. एक ध्यानात असू द्या की आतली हवा तापली की दमटपणाचा आकडा घसरतो, म्हणून चटई लावल्यावर फडकं पुन्हा ओलं करावं लागतं. गार पोर्सिलेनचं भांडं एकदम उबदार ओल्या डब्यात ठेवलं तर त्यावर दव धरतं आणि ताज्या उरुशीवर पांढुरके डाग पडतात. आधी भांडं खोलीच्या तापमानाला येऊ द्या.

दुसरा दोष हायग्रोमीटरचा. स्वस्तातली यंत्रं बिनदिक्कत दहा टक्के इकडेतिकडे दाखवतात. तपासायला बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, चिखलाइतकं ओलं करा, हायग्रोमीटरसकट घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत रात्रभर ठेवा. ओल्या मिठाच्या वर बंद हवेत दमटपणा ७५ टक्क्यांवर स्थिरावतो. तुमचं यंत्र ६५ दाखवत असेल तर पुढे प्रत्येक आकड्यात दहा मिळवून वाचा. नवं घ्यायची गरज नाही.

ट्यूब

उरुशी म्हातारी होते. लॅकेज हळूहळू मरतं आणि मग कितीही ओलावा द्या, चीक ढिम्म राहतो. ट्यूबवर तारीख असेल तर बघा, नसेल तर घेतल्या दिवशी स्वतः लिहा. फ्रिजमध्ये ठेवली तर जास्त टिकते, पण काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत टोपण उघडू नका, नाहीतर आत दव जमतं. ट्यूबमध्ये पाणी आणि चीक वेगळे होतात, म्हणून पहिला पाणचट थेंब घेऊन कामाला लागू नका. काचेवर काढून स्पॅच्युलानं चांगलं घोटा. टोपण लावताना मध्ये प्लास्टिकच्या कागदाचा तुकडा ठेवा. तो न ठेवणारे पुढच्या वेळी पक्कड शोधत फिरतात.

मंद झालेली उरुशी लगेच फेकायची नाही. ताजी, जलद मुरणारी कच्ची उरुशी तिच्यात मिसळून पुन्हा काचेवर चाचणी घ्या, बऱ्याचदा तेवढ्यानं काम होतं. फेकणं जिवावर येण्यासारखाच माल आहे हा. इवाते प्रांतात निनोहे शहराचा जोबोजी भाग जपानी उरुशीचं मुख्य आगर. तिथे दहा-पंधरा वर्षं वाढवलेल्या झाडाला उन्हाळाभर खाचा पाडतात, एका झाडातून मोसमात साधारण २०० ग्रॅम चीक निघतो आणि मग झाड तोडतात. जपानात लागणाऱ्या उरुशीपैकी ९० टक्क्यांहून जास्त बाहेरून, मुख्यतः चीनमधून येते. शिकायला ती चिनी उरुशी उत्तम आहे. जोबोजीची ट्यूब पहिल्याच कपासाठी आणणाऱ्यांचं मला कौतुक वाटत नाही.

सांधा सुटतो तेव्हा

आता मुख्य दुखण्याकडे. तुकडे जोडायला वापरतात ती मुगी-उरुशी, म्हणजे मैदा आणि कच्ची उरुशी. मैद्यात थेंबाथेंबानं पाणी घालून गोळी मळायची, इतकी मऊ की कानाच्या पाळीसारखी लागावी. इथे सगळे हेच माप सांगतात. मग साधारण तेवढीच उरुशी थोडी थोडी घालत घोटायचं. स्पॅच्युला उचलली की पाकासारखी तार यायला हवी. तार न येता गोळा तुटत असेल तर घोटणं कमी पडलंय. चोकरवाली कणीक वापरू नका, सांध्यात कोंड्याचे कण अडकतात आणि तुकडे पुरते बसत नाहीत.

सांधा न मुरण्याची कारणं महत्त्वाच्या क्रमानं सांगते. पहिलं, थर जाड. जास्त लावलं की घट्ट चिकटेल ही आपली फेविकॉलची सवय. मुगी-उरुशी दोन्ही कडांना अगदी पातळ, खालची माती अंधुक दिसेल इतकीच लावायची. दुसरं, लावल्यावर लगेच जोडलं. लावलेले तुकडे तसेच उघडे ठेवायचे असतात, दमट दिवसात पंधरा-वीस मिनिटं, कोरड्या थंडीत तासभरही. तेवढ्यात उरुशीला हवा मिळते आणि काम सुरू होतं. बोट टेकवलं तर चिकटेल पण बोटाबरोबर उचलून येणार नाही, अशा वेळी तुकडे जुळवून जोरात दाबायचे. ओलं असतानाच जोडलं तर आतला थर दोन्ही बाजूंनी कोंडला जातो.

हे कोंडणं पोर्सिलेनमध्ये सगळ्यात वाईट. जाडसर मातीच्या भांड्याची फुटलेली कड सच्छिद्र असते, तिच्यातून थोडी हवा आणि ओल पोचते. पोर्सिलेनची कड काचेसारखी, तिथे हवा फक्त सांध्याच्या रेषेतून शिरते. म्हणून मातीचा कप दोन आठवड्यांत पक्का होतो आणि त्याच डब्यातली पोर्सिलेनची बशी महिना घेते. फसवणारी गोष्ट म्हणजे सांध्यातून बाहेर आलेली उरुशी. तिला भरपूर हवा मिळते, ती दोन-तीन दिवसांत कडक होते, आणि तिला नख लावून माणूस समजतो की सांधा झाला. बाहेरची कड आतल्याबद्दल काही सांगत नाही. टेप सोडवायची घाई झालीच असेल तर काचेवर दोन पट्ट्यांमध्ये तेच मिश्रण दाबून ठेवलेलं असावं, ती जोडी वेगळी करून बघा.

गुळगुळीत पोर्सिलेनच्या कडांवर उरुशी धरतच नसेल तर कारागीर भाजून घेतात. कडांना पातळ उरुशी लावून पुसून १२० अंशांच्या आसपास भट्टीत ठेवतात. तिथे लॅकेजचा संबंध उरत नाही, उष्णतेनंच उरुशी घट्ट होते आणि पृष्ठभागाला घट्ट पकडते. मग हीटर वाईट आणि भट्टी चालते कशी, हा प्रश्न प्रत्येक तुकडीत निघतो. हीटरची ऊब एन्झाइम चालायला लागणारा ओलावा पळवते, आणि एन्झाइमशिवाय काम व्हायला लागते तितकी उष्णता देत नाही. अधलंमधलं काही उपयोगाचं नाही. भाजायचंच असेल तर स्वयंपाकाचा ओव्हन नको, वाफेनंही अंगावर पुरळ उठू शकतं.

मातीच्या भांड्याचा उलटा घोळ होतो. कड इतकी तहानलेली असते की मिश्रणातली उरुशी शोषून घेते आणि सांध्यात नुसता मैदा उरतो. असा सांधा कोरडा दिसतो, पण टिचकी मारली की सुटतो. त्यासाठी जोडण्याआधी कडांना टर्पेंटाइननं पातळ केलेली कच्ची उरुशी पाजायची, जास्तीची टिपून घ्यायची आणि ती मुरल्यावरच पुढे जायचं. कडांची धार डायमंडच्या कानशीनं किंचित मोडलेली असेल तर आणखी बरं.

आत ओला राहिलेला सांधा वाचवायचा का? आधी डबा नीट करून आणखी दोन-तीन आठवडे द्या. तरीही हलत असेल तर सोडवलेलाच बरा. हातमोजे घालून भांडं गरम पाण्यात ठेवा, अर्धवट मुरलेला मैदा मऊ पडतो आणि तुकडे सुटतात. ब्लेडनं कडा खरवडा, टर्पेंटाइननं पुसा, पूर्ण वाळू द्या. ते पातेलं पुन्हा स्वयंपाकात आणू नका. ओल्या सांध्यावर वरून पातळ उरुशी पाजून बघू, हा उपाय सगळ्यांना सुचतो आणि कधीच लागू पडत नाही. वरचा थर मुरतो आणि आतल्याचा उरलासुरला श्वासही बंद होतो.

तेल आणि मीठ

काचेवर उरुशी मुरते, डबा ठीक, थर पातळ, तरी एका विशिष्ट जागी चिकटपणा जात नाही. अशा वेळी तेलाचा संशय घ्या. उरुशीचे ब्रश काम झाल्यावर खाद्यतेलात धुतात, कारण तेल लागलं की उरुशी घट्ट होत नाही आणि ब्रश मऊ राहतो. तोच ब्रश पुढच्या वेळी टर्पेंटाइनमध्ये नीट न धुता वापरला तर ब्रशच्या पहिल्या ओढीइतकी रेघ ओली राहते, पुढची मुरते. चिकट जागा रेषेच्या सुरुवातीला असेल तर दुसरं काही शोधू नका.

मीठही तसंच. वर्गात एकदा एकीनं आईची लोणच्याची बरणी आणली होती, पिवळट पांढरी, तपकिरी मानेची, आपल्याकडे घराघरात असते तीच. मानेजवळ मोठा तुकडा निघालेला. दोनदा जोडली, दोनदा सुटली. सेन्सेईंनी, म्हणजे आमच्या शिक्षिकेनं, तुकडा नाकाशी नेला आणि बाजूला ठेवून दिला. वर्षानुवर्षांचं मोहरीचं तेल आणि मीठ त्या कडेत मुरलेलं होतं, वास अजून ताजा होता. तुकडे भांडी घासायच्या साबणानं धुऊन गरम पाण्यात टाकले, काही दिवस रोज पाणी बदललं, मग आठवडाभर सावलीत वाळवले. पुढचं काम इतर भांड्यांसारखंच सरळ झालं. जपानात उमेबोशीच्या, म्हणजे मिठात मुरवलेल्या आंबट फळांच्या, भांड्यांचं हेच होतं. जेवणाच्या वापरातलं भांडं फुटलं तर धुणं आणि वाळवणं यांत कंजुषी करू नका, आणि तुपाच्या हातानं कडा चाचपत बसू नका.

भरणात नख रुततं

टवके आणि फटी भरायला साबी-उरुशी वापरतात. तोनोको नावाची बारीक मातीची पूड, पाणी आणि कच्ची उरुशी. आधी पूड पाण्यात घोटायची, मग उरुशी घालायची, हा क्रम मोडू नका. एका दिवसात ही कडक व्हायला हवी, नख ओढलं तर पांढरट ओरखडा उठावा. नख रुतलं तर उरुशी जास्त झाली किंवा थर जाड. एका वेळी मिलिमीटरभरापेक्षा जास्त भरू नका, मोठा टवका असेल तर उरुशीत लाकडाचा भुसा घातलेल्या कोकुसो नावाच्या लगद्यानं आधी खोली कमी करा. उलट, ओल्या वॉटर पेपरनं घासताना भरण चिखलासारखं विरघळून येत असेल तर उरुशी कमी पडली. ते सगळं खरवडून पुन्हा भरणंच बरं.

सुरकुत्या

हा दोष उन्हाळ्यातला. सांध्यावर ओढलेल्या उरुशीच्या रेषेवर बारीक सुरकुत्या येतात, मनुक्यावर असतात तशा. डब्यात ओलावा फार, वर थर जाड. वरची साय आधी मुरून आकसते आणि खालचं ओलं राहतं. अशा वेळी सुरकुत्यांवर नवा थर चढवणं म्हणजे ओल्या भिंतीला रंग देणं. आठवडाभर थांबा, मग ब्लेडनं सुरकुती कापून आतलं उघडं करा, पुन्हा मुरवा, घासा, आणि या वेळी निम्म्याहून कमी उरुशीत रेघ ओढा. पावसाळी दिवसात डब्यातलं फडकं काढून झाकण थोडं उघडं ठेवलं तरी चालतं. सोन्याखाली काळ्या उरुशीचा थर हवाच असेल तर दोन पातळ थर, मध्ये घासणं.

सोनं

सोन्याचा थर लोकांना सगळ्यात अवघड वाटतो. खालची कामं नीट झालेली असतील तर तो सगळ्यात सोपा, फक्त वेळ साधायची असते. बेंगारा-उरुशीची, म्हणजे लाल रंग घातलेल्या उरुशीची, अगदी पातळ रेघ ओढतात, ती अर्धवट मुरू देतात आणि मग केशिफुन, म्हणजे अतिबारीक सोन्याची पूड, मावाताच्या रेशमी बोंडानं वर टिपतात.

ती वेळ घड्याळ सांगत नाही. उन्हाळ्यात डब्यात अर्धा तास पुरतो, हिवाळ्यात त्याच्या तिप्पट. आमच्या सेन्सेई कप ओठांजवळ नेतात आणि काचेवर सोडावी तशी रेषेवर 'हाऽ' करून वाफ सोडतात. उरुशी फार ओली असेल तर रेघ तशीच चकाकत राहते, वाफ धरत नाही. वेळ झालेली असेल तर क्षणभर रेषेवर निळसर पांढरी झाक येते आणि लगेच जाते. ती झाक दिसली की बोंडा उचलायचा. पहिल्यांदा ती दिसतच नाही. कप खिडकीकडे तिरका धरा, दिव्याचं प्रतिबिंब रेषेत आणा आणि मग वाफ सोडा.

सोनं तपकिरी, मळकट दिसतंय? घाई झाली किंवा बेंगारा जाड होता, सोनं उरुशीत बुडालं. मुरू द्या, हलकं घासा, आणखी पातळ रेघ ओढून पुन्हा सोनं टिपा. जागोजाग लाल दिसतंय, सोनं धरतच नाही? उशीर झाला. इलाज तोच. सोनं आठवड्यानं बोटाला लागतंय? बेंगारा मुरायच्या आधी हाताळलं, किंवा त्याखालचा काळा थर चकचकीत तसाच ठेवून, न घासता वर काम केलं. पहिलं असेल तर डब्यात आणखी दोन आठवडे ठेवलं की थांबतं. दुसरं असेल तर सोनं पापुद्र्यासारखं निघतं, आणि तिथे काळ्या थरापर्यंत मागे जाण्यावाचून गत्यंतर नाही. मारुफुन नावाची गोल दाण्याची पूड वापरली तर वर उरुशी पाजून ती पक्की करायची आणि मग अकीकानं घोटायची असते. केशिफुनची सवय झाल्याशिवाय तिच्या वाटेला जाऊ नका.

सरावाला कथील घ्या. सोन्याच्या एक ग्रॅमच्या पुडीला हजारो येन पडतात, आणि वाफेची झाक ओळखायला शिकताना ती पुडी अर्धी उरुशीत बुडते. पितळेची पूड स्वस्त पडते, पण ती खाण्याच्या भांड्यावर नको, हिरवी पडते.

थांबायची तयारीच नसेल, तर तोक्यो राष्ट्रीय संग्रहालयातला 'बाकोहान' हा सेलाडॉनचा, म्हणजे हिरवट झिलईचा, वाडगा आठवा. पंधराव्या शतकातला शोगुन आशिकागा योशिमासानं तडकलेला वाडगा चीनला पाठवला, तसाच दुसरा मिळेना म्हणून लोखंडी कड्या ठोकून तो परत आला, अशी आख्यायिका. किंत्सुगीचा उगम म्हणून हीच गोष्ट सर्रास सांगतात. त्या वाडग्यावर सोन्याचा कणही नाही.

अंगावर आलं तर

बिब्बा उतणं ठाऊक असलेल्याला हे वेगळं समजवायला नको. बिब्बा, काजू, आंबा आणि उरुशी एकाच कुळातले. आंब्याच्या चिकानं ओठ फुटतात किंवा काजूच्या टरफलानं हात भाजतात अशांनी जास्तच जपावं. नायट्राइलचे हातमोजे, मनगटावर ओढलेल्या बाह्या, ट्यूबचं टोपण बोटानं पुसायचं नाही. कातडीला लागलं तर आधी खाद्यतेलानं पुसा, मग साबण. खाज एक ते तीन दिवसांनी उठते, त्यामुळे कारण लक्षात येत नाही, आणि बरी व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात. डोळ्यांजवळ सूज आली किंवा फोड पसरले तर त्वचेच्या डॉक्टरांकडे जा. अर्धवट मुरलेली उरुशीही उतते, म्हणून तो चिकट कप उघड्या हातानं तपासू नका. पूर्ण मुरली की निर्धोक, शेकडो वर्षं लोक त्यात जेवत आलेत.

पुण्यात, मुंबईत करणाऱ्यांसाठी

भारतातून विचारणारे वाढले आहेत, म्हणून दोन ओळी. पुण्यात एप्रिल-मेच्या दुपारी ऊब मुबलक, दमटपणा मात्र तोक्योच्या जानेवारीपेक्षाही कमी. तिथे गरम चटई नको, फक्त झाकणाचा डबा आणि दिवसातून दोनदा ओलं केलेलं फडकं. डबा माठाजवळ, घरातल्या गार कोपऱ्यात ठेवा. मुंबईत किंवा रत्नागिरीत जुलैमध्ये याच्या बरोबर उलट. फडकं लागतच नाही, सुरकुत्यांचीच भीती जास्त, रेघ आणखी पातळ ओढा आणि सोनं टिपायची वेळ दहा-पंधरा मिनिटांनीच तपासायला लागा. एसीच्या खोलीत काम करत असाल तर तुमचा मोसम बाहेरचा नसून त्या खोलीचा, हायग्रोमीटर तिथेच ठेवा. ट्यूब इथून नेणार असाल तर टर्पेंटाइन विमानात चालत नाही, ते तिकडे चित्रकलेच्या सामानाच्या दुकानात मिळतं. आणि ऑनलाइन घेतलेल्या ट्यूबवर कोणत्या झाडाचा, कुठल्या देशाचा चीक आहे ते लिहिलेलं नसेल, तर पहिली रेघ काचेवर.